कढईपाशी कोण उभं राहणार

तुनिस, २९ जानेवारी १९६६

खूया सादोक,

ईदच्या शुभेच्छा आठवडाभर उशिरा देते आहे. शिव्या द्यायच्या असतील तर पुढच्या पत्रात दे, थोरल्या भावाचा तेवढा हक्क आहे.

घरी सगळं ठीक. बाबांचा उजवा हात रमजानात जरा धरला, म्हणून ते सध्या दुकानात जात नाहीत. डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. बाबा आणि विश्रांती, तूच विचार कर.

लिहिते आहे ते दुकानासाठी. त्रिपोलीचे हाज मिफ्ताह यांनी बकरी ईदच्या आधी पोचवायची म्हणून लाल टोप्यांची मोठी मागणी दिली आहे. गेली दोन वर्षं दुकान त्यांच्या एकट्याच्या जोरावर चाललं आहे, कारण आता आपल्याकडचे तरुण ही लाल शेशिया घालत नाहीत, लग्नात फोटोपुरती डोक्यावर ठेवतात. ही मागणी हुकली तर हाज मिफ्ताह शेजारच्या हमीदाकडे जातील. हमीदा तर वाटच बघतो आहे. मधली भिंत पाडून आपलं दुकान त्याला त्याच्या दुकानात घ्यायचं आहे. किंमतसुद्धा त्याने बोलून ठेवली आहे आणि तय्यबकाकांनी ती तुला कळवली आहे, हेही मला माहीत आहे.

टोप्या विणायला दिल्या आहेत. आरियानात सगळ्यांची मावशी असलेली खाल्ती माम्या आणि तिच्या हाताखालच्या बायका विणतात, तिथे बाबा वर्षातून एकदा फिरकतात. मग बतानच्या गिरणीत गरम पाण्यात, साबणात बडवून त्या आटवतात, तिथे बाबांनी कधी पाऊल टाकलेलं मला आठवत नाही. एवढं सगळं दुसऱ्यांवर सोडणारा माणूस, पण झगवानला रंग चढवायची वेळ आली की पहाटेची बस धरणार म्हणजे धरणार. ताप असो, पाऊस असो. कढईपाशी उभं राहायचं, काठीने एक टोपी उचलायची, उजेडात धरायची, परत सोडायची, आणि शेवटी "काढा" म्हणायचं. चाळीस वर्षांत तो शब्द तिथे दुसऱ्या कोणाच्या तोंडून निघाला नाही. तुझ्या तोंडून निघणार होता, तेव्हा काय झालं ते तुला मी सांगायला नको.

आता कढईपाशी कोण उभं राहणार? मी जाऊ शकत नाही. बायकांनी विणायचं आणि पुरुषांनी विकायचं हा आपल्या धंद्याचा कायदाच आहे. मी बाजारात नुसती उभी राहिले तरी हमीदाचं आयतंच फावेल. राहिला दुकानातला लामीन. त्याला पाठवावं असं माझ्या मनात आहे. तुला काय वाटतं ते कळव. बाबांचा हात चालत नाही तोवर दुकानाची सही थोरला म्हणून तुझीच, पण बकरी ईदपर्यंत तरी विकण्याच्या कागदावर ती करू नकोस.

तुझी,
बेया


तुनिस, १४ फेब्रुवारी १९६६

खूया सादोक,

तय्यबकाकांनी तुला सगळं लिहिलंच आहे, तर मीही आता लपवत नाही. हात नुसता धरलेला नाही, सगळी उजवी बाजू गेली आहे. वाचाही गेली. सत्ताविसाव्या रोज्याला अंगणात वजू करताना पडले. तुला आधी कळवलं नाही, कारण तू नऊ वर्षं बाबांचं नाव पत्रात लिहिलेलं नाहीस. तेही नऊ वर्षं तुझं नाव न घेता जे गप्प राहिले, तेही मीच ऐकलं आहे. दोघांच्या मधल्या भिंतीला कान लावून बसण्याचं काम माझ्याकडे आलं, ते कोणी मला विचारून दिलेलं नव्हतं.

डोकं मात्र शाबूत आहे. माझा हात हातात घेतात. "हो" असेल तर एकदा दाबतात, "नाही" असेल तर दोनदा. त्यावर आमचं चाललं आहे.

तुझा सल्ला वाचला. लिऑनच्या कारखान्यात तुझ्या हाताखाली तीस माणसं आहेत याचा मला अभिमान आहे, खरंच. पण "काम द्यावं, दोरी मात्र आपल्या हातात ठेवावी, दर तासाला विचारावं" हे वाचून मला हसू आलं. मी घरात, लामीन बाजारात, टोप्या तिसऱ्याच गावी. दर तासाला विचारायला मी काय पाखरं पाळू? आणि रागावणार नसशील तर सांगते. ते वाक्य मी बाबांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आले आहे, तू फक्त ते फ्रान्सहून टपालाने पाठवलंस.

लामीनबद्दल तू विचारलंस. तू गेलास तेव्हाचाच लामीन. आता केस पांढरे झाले, तीन मुली झाल्या. काटेरी बोंडांनी टोपी विंचरून तिच्यावर लव उठवावी तर त्यानेच. अठरा वर्षं झाली दुकानात, पण मान वळवून बाबांकडे पाहिल्याशिवाय कात्री उचलत नाही. बाबांनीच त्याला तसा घडवला. आता रोज संध्याकाळी दुकान बंद करून इथे येतो आणि पलंगापाशी मांडी घालून बसतो. हाक अजून तीच, उस्तादाला अर्फी आणि मालकिणीला लल्ला.

"अर्फी, गिरणीवाल्याला उद्या गाठू की परवा?"

बाबा हात दाबतात.

"म्हणजे उद्या, अर्फी?"

"लामीन," मी म्हटलं, "असं विचारलंस तर ते हो म्हणणार कशाला आणि नाही म्हणणार कशाला?"

"मग कसं विचारू, लल्ला?"

"विचारूच नकोस. उद्या जा."

"आणि अर्फींना राग आला तर?"

"आला तर काय करतील, उठून मारतील?"

बाबांच्या चेहऱ्याची चांगली बाजू हलली. हसले की चिडले, मला कळलं नाही. लामीन मात्र चटकन उठून उभा राहिला.

पुढच्या आठवड्यात पांढऱ्या टोप्या गिरणीतून येतील. मी त्याला झगवानला पाठवते आहे. "नीट बघ, आणि काही शंका आली तर विचार," असं सांगितलं आहे.

बेया


तुनिस, ३ मार्च १९६६

खूया सादोक,

टोप्या रंगून आल्या. रंग जरा गडद झाला आहे.

वरचं वाक्य लिहून मी उठले, बाबांना खिमट भरवलं, आणि आता परत बसले आहे. तय्यबकाका लिहिण्याआधी मीच खरं लिहिते. टोप्या वाया गेल्या. सगळ्या. आपल्या लाल रंगाच्या जागी कलेजीचा रंग आला आहे. हाज मिफ्ताह तर सोडच, बुजगावण्याच्या डोक्यावरही कोणी घालणार नाही.

त्या दिवशी दुपारी मी स्वयंपाकघरात होते. दार धडाधडा वाजलं. उघडलं तर लामीन, कोपरापर्यंत हात लाल, छातीशी तेलाचा रिकामा डबा धरलेला. माझ्याशी बोललाही नाही, तडक जिना चढून वर. मी मागोमाग. त्याने डब्यातून ओली टोपी काढली आणि बाबांच्या डोळ्यांसमोर खिडकीच्या उजेडात धरली. खाली चादरीवर थेंब पडत होते.

"अर्फी, बघा. आला ना?"

बाबांनी पाहिलं आणि माझा हात एकदा दाबला. असा जोरात, की बोटं दुखली.

"हो म्हणताहेत," मी म्हटलं.

"काढू, अर्फी?"

पुन्हा एकदा दाबला. सादोक, त्या माणसाचा चेहरा असा उजळला की काय सांगू. रंग अचूक ओळखला होता त्याने. खरोखर तोच रंग होता, डाळिंबाच्या दाण्याचा.

मग मला सुचलं. "लामीन, बाकीच्या टोप्या कुठे आहेत?"

"कढईत, लल्ला."

"कढईत? जाळ चालू आहे?"

"मंद केलाय. मी त्यांना बजावून आलोय, अर्फींना विचारून येतो, तोवर कोणी हात लावायचा नाही."

बोलता बोलता त्याचाच आवाज बसला. झगवानहून बस यायला किती वेळ लागतो आणि परत जायला किती, ते त्याचं त्यालाच तेव्हा कळलं. तो डबा तिथेच टाकून पळाला. बाबा माझा हात दाबत राहिले, एकदा, दोनदा, पाचदा. त्यात हो नव्हतं, नाहीही नव्हतं. मी तो हात धरून रडले, आणि तेही रडले.

तिथल्या रंगाऱ्यांनी टोप्या काढल्या का नाहीत, असं तू विचारशील. कसे काढतील? चाळीस वर्षं त्यांनीही तोच शब्द ऐकला आहे. मालकाचा माणूस हात लावू नका म्हणून गेला, ते कढईभोवती बसून माल जळताना बघत राहिले.

बेया


तुनिस, १६ मार्च १९६६

खूया सादोक,

तुझं पत्र मिळालं. "त्या गाढवाला आजच्या आज हाकल आणि हमीदाचा कागद माझ्याकडे पाठव." इतकं छोटं पत्र तू मला आजवर लिहिलं नव्हतंस.

दोन्ही करणार नाही. निदान बकरी ईदपर्यंत नाही. तू सही करायची ठरवलीस तर मी तुझा हात धरू शकत नाही, पण आधी हे वाच.

टोप्या वाया गेल्या त्याच संध्याकाळी मी आरियानाला खाल्ती माम्याकडे गेले. तिला तू ओळखतोस. ऐंशीला टेकली तरी सुया हातातून खाली ठेवत नाही. मी म्हटलं, पुन्हा विणून द्या, ईदच्या आत, लोकर घरात आहे तेवढी सगळी आणली आहे. ती म्हणाली, "माझ्या बायका रात्रंदिवस विणतील, पोरी. पण रंगाला परत तोच जाणार?"

"तोच."

"वेड लागलंय तुला? एकदा जाळलंय त्याने."

"त्याने नाही जाळलं, खाल्ती. मी त्याला म्हटलं होतं, शंका आली तर विचार. तो विचारायला आला."

तिने सुईवरचा टाका पुरा केला. मग म्हणाली, "माझ्या हाताखाली दोन गल्ल्यांतल्या बायका आहेत. एकीनेही मला टाका विचारलेला नाही. विचारला असता तर मी आंधळी झाले असते." आणि तिने लोकरीचं गाठोडं ओढून घेतलं.

गिरणीत जाण्याआधी प्रत्येक टोपीत आतल्या बाजूला कारागिराची खूण धाग्याने टाचतात, ते तुला माहीतच आहे. आपली खूण आजोबांपासूनची. खाल्तीने सवयीने विचारलं, "खूण नेहमीचीच ना?" तोपर्यंत माझ्याही डोक्यात काही नव्हतं. पण तोंडातून निघून गेलं, "शेजारी लामीनची खूण पण घाला." वेगळी खूण म्हणजे तो माणूस उस्ताद झाला. एरवी त्यासाठी बाजारातले चार म्हातारे बसतात आणि बाजाराचे मुखिया, अमीन, मान डोलावतात. म्हणून दुसऱ्या दिवशी मी चादर ओढून अमीनांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोपाशी बसले आणि पडद्याआडून बोलले. ते म्हणाले, "तुझे वडील काय म्हणतात?" मी खोटं बोलले. हो म्हणतात, म्हटलं. घरी येऊन बाबांना सांगितलं. त्यांनी माझा हात बराच वेळ नुसता धरून ठेवला. दाबला नाही. मी पुन्हा विचारलं नाही.

लामीनला विचारलं, तुझी खूण कोणती? तर म्हणतो, "अर्फींना विचारतो." मी इतकी ओरडले की खालच्या भाडेकरणीने वर डोकावून पाहिलं. शेवटी त्याच्या धाकट्या मुलीने खजुराच्या बीचं चित्र काढून दाखवलं, तीच खूण ठरली.

काल त्याला समोर बसवून सांगितलं. "गुरुवारी तू झगवानला जाशील. इथे यायचं नाही. निरोप पाठवायचा नाही. रंग आला की तू म्हणायचं, काढा."

"आणि चुकलं तर, लल्ला?"

"चुकलं तर दुकान जाईल. ते मी बघेन."

"तुम्ही फक्त सोबत चला. मी काही विचारणार नाही. तुम्ही नुसत्या बाहेर बसा."

"मी बाहेर बसले तर तू दर घटकेला दारात येऊन माझं तोंड बघशील."

चूक नव्हतं माझं म्हणणं. जाताना तो बाबांच्या खोलीपाशी थबकला, चपला काढल्या, मग काय वाटलं कोण जाणे, परत घातल्या आणि आत न जाता निघून गेला.

तू नऊ वर्षांपूर्वीची गोष्ट आजवर माझ्याशी बोलला नाहीस, म्हणून मीच बोलते. बाबांनी तुला झगवानला पाठवलं आणि पाठोपाठच्या बसने स्वतः तिथे पोचले. सगळ्या रंगाऱ्यांसमोर तुझ्या हातातली काठी काढून घेतली. तू तिथूनच बंदरावर गेलास. तेव्हा तुझ्या बाजूने बोलायला घरात कोणी नव्हतं. आता त्याच जागी लामीन उभा आहे आणि तू लिऑनहून त्याच्या हातातली काठी ओढतो आहेस. एवढंच म्हणायचं होतं.

बेया


तुनिस, ९ एप्रिल १९६६

सादोक,

तार तुला दफनानंतर मिळाली हे तुझ्या पत्रावरून कळलं. मी ती त्याच दिवशी सकाळी केली होती, बाबा असतानाच. टपालखात्याला कोण काय म्हणणार.

तू लिहितोस, "अठरा वर्षं ज्याचं मीठ खाल्लं त्याला खांदा द्यायलाही लामीन आला नाही, असं काका म्हणतात. अशा माणसाच्या हाती दुकान देणार का?" काका ते अंगणात सगळ्यांसमोरही म्हणाले. मी तेव्हा गप्प बसले, कारण घरात कुराण वाचलं जात होतं. तुला सांगते. काकांनाही हे पत्र दाखवलंस तरी चालेल.

गुरुवार होता. बाबांना तो वार ठाऊक होता. पहाटे, बसची वेळ झाली तशी त्यांची चुळबूळ सुरू झाली, डोळे खुंटीवरच्या कोटाकडे. मी म्हटलं, "बाबा, आज लामीन बघणार आहे." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. थोड्या वेळाने श्वास बदलला. आवाज येऊ लागला. मी तय्यबकाकांना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "झगवानच्या चहाच्या दुकानात टेलिफोन आहे, लामीनला बोलावून घेतो, दुपारपर्यंत पोचेल." ते जिन्यापर्यंत गेलेही होते.

बाबांनी माझा हात धरला आणि दोनदा दाबला.

मला वाटलं, चुकून झालं. मी कानाशी वाकून विचारलं, "लामीनला बोलावू?"

दोनदा.

"बाबा, तो आला नाही तर तुमची भेट होणार नाही."

दोनदा. आणि या वेळी डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं, तेच डोळे, ज्यांनी आयुष्यभर सगळ्यांच्या हातातलं काम काढून घेतलं. मी काकांना हाक मारून म्हटलं, टेलिफोन करू नका. ते चिडले. म्हणाले, अर्धमेल्या माणसाचा हात तू हवा तसा वाचतेस. वाचत असेन. पण तो हात माझ्या हातात होता, त्यांच्या नाही.

असरच्या नमाजाआधी बाबा गेले, आणि संध्याकाळच्या आत दफन झालं. लामीन दिवे लागायला आला. बस थांब्यावर कोणीतरी त्याला सांगितलं होतं. दारात उभा राहिला, कोपरापर्यंत लाल हात पोटाशी धरून, आणि अंगणातला एकेक माणूस त्या हातांकडे बघत होता. काका जे बोलायचं ते बोलले. त्याने स्वयंपाकघराच्या दारापाशी येऊन मला विचारलं, "मला का नाही कळवलं, लल्ला?"

"अर्फी नको म्हणाले."

"मी कढईपाशी आहे हे माहीत असून?"

"माहीत होतं म्हणूनच."

तो तिथेच भिंतीला टेकून खाली बसला आणि लहान मुलासारखा रडला. रंग कसा आला हे त्याने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. शनिवारी हाज मिफ्ताह स्वतः दुकानात आले, एक टोपी आत-बाहेर उलटवून पाहिली, आणि सगळा माल त्रिपोलीला घेऊन गेले. हे मला हमीदाच्या बायकोकडून कळलं. आणि ती हे मला सुखासुखी सांगायला आली नसणार.

आजवर प्रत्येक पत्रात मी तुला विचारत आले. या पत्रात विचारत नाही. दुकान विकायचं नाही. आता बाबा नाहीत, आणि कायद्याने माझाही वाटा आहे, लहान असला तरी आहे. लामीन गल्ल्यावर बसतो. काय करायचं ते तो ठरवतो आणि महिन्याच्या शेवटी मला सांगतो.

आता तुझं. हे मी काकांनाही सांगितलेलं नाही.

काका जिन्यावरून परत आले, लामीनचा विषय संपला, तेव्हा मी बाबांना शेवटचं विचारलं. नऊ वर्षांत त्या घरात ते नाव मोठ्याने घ्यायची माझी हिंमत झाली नव्हती. मी म्हटलं, "बाबा, सादोकला तार करू?"

त्यांनी एकदा हात दाबला. आणि मग सोडलाच नाही. तय्यबकाकांचा मुलगा तार करायला धावला, ऊन खिडकीतून पलंगापर्यंत आलं, श्वास थांबला, तरी बोटं तशीच होती. बायका अंघोळ घालणाऱ्यांना बोलवायला निघाल्या तेव्हा मला ती एकेक करून सोडवावी लागली.

दुकानासाठी येऊ नकोस, तिथे माणूस आहे. नुसता घरी ये.

बेया